सेगाची साडेसाती: सुरुवातीच्या खेळांवर ठरणारे कन्सोलचे भवितव्य

१/ ११ मे १९९५, लॉस एंजेलिस. पुढे 'ई-३' या नावाने जगप्रसिद्ध झालेल्या व्हिडिओ गेम प्रदर्शनाचा हा पहिलावहिला दिवस. सेगा कंपनीच्या अमेरिकी शाखेचे प्रमुख टॉम कालिन्स्के व्यासपीठावर आले. 'सॅटर्न' हा नवा कन्सोल २ सप्टेंबरला विक्रीस येणार, असे कंपनीने आधीच जाहीर केले होते. कालिन्स्के यांनी त्या दिवशी निराळेच सांगितले. सॅटर्न सप्टेंबरची वाट पाहणार नव्हता. तो निवडक दुकानांत दाखल झालाही होता. किंमत ३९९ डॉलर. चार महिन्यांची आघाडी एका वाक्यात पदरात पडली, असे सेगाला वाटले.

२/ त्याच प्रदर्शनात सोनीचीही सभा होती. या व्यवसायात सोनी नवखी होती आणि तिचा पहिला कन्सोल 'प्लेस्टेशन' सप्टेंबरमध्ये अमेरिकेत यायचा होता. सोनीचे अधिकारी स्टीव्ह रेस भाषणासाठी उठले, त्यांनी केवळ '२९९' हा आकडा उच्चारला आणि ते जागेवर परतले. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. या दोन घोषणांची गोष्ट गेमिंगच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते आणि सॅटर्नच्या पराभवाचे खापर बहुधा त्या शंभर डॉलरवर फोडले जाते. किंमत हे कारण खरे आहे, पण अपुरे आहे. सॅटर्न खरा अडला तो खेळांपाशी.

३/ नवा कन्सोल बाजारात येतो तेव्हा त्याच्यासोबत कोणते खेळ येतात, यावर त्याचे नशीब किती अवलंबून असते? सेगाच्या इतिहासात या प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरे सापडतात. एकदा आरंभीचे खेळ दुबळे असूनही कंपनी जिंकली. एकदा खेळ अपुरे पडले आणि ती हरली. तिसऱ्यांदा तर खेळांची रास उत्तम असूनही तिला या व्यवसायातून बाहेर पडावे लागले. १९८८ ते २००१ या तेरा वर्षांचा हा धांडोळा.

४/ प्रथम या धंद्याचे गणित. कन्सोल बनवणारी कंपनी यंत्रावर फारसा नफा घेत नाही. पुष्कळदा ते तोट्यातही विकते. कमाई होते ती पुढे, खेळांच्या विक्रीतून. इतर कंपन्यांनी त्या यंत्रासाठी बनवलेल्या प्रत्येक खेळामागे यंत्रनिर्मात्याला ठरावीक रक्कम मिळते. म्हणजे यंत्र हे केवळ दार आहे, दुकान त्याच्या आत आहे. इथेच कोंबडी आधी की अंडे आधी हा पेच उभा राहतो. ग्राहक म्हणतो, खेळ आले की यंत्र घेऊ. खेळ बनवणारा म्हणतो, ग्राहक दिसले की खेळ बनवू. आरंभीचे खेळ हा पेच सोडवण्यासाठी असतात.

५/ हा धडा प्रथम अटारीने शिकवला. १९७७ मध्ये तिचा 'व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टीम' हा कन्सोल ९ खेळांसह अमेरिकेत आला. पहिली काही वर्षे विक्री बरी होती, पण घराघरांत जावे असे काही घडले नव्हते. तिकडे जपानमध्ये १९७८ साली तैतो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इनव्हेडर्स' तयार केला आणि व्हिडिओ गेम पार्लरांत त्याने धुमाकूळ घातला. अटारीने त्याचे हक्क रीतसर विकत घेतले आणि १९८० मध्ये तो आपल्या कन्सोलवर आणला. पार्लरमध्ये नाणी मोजून खेळावा लागणारा खेळ आता घरी, हवा तितका वेळ! कन्सोलची विक्री कित्येक पटींनी वाढली.

६/ लोकांनी 'स्पेस इनव्हेडर्स' खेळण्यासाठी यंत्र घेतले. खेळ यंत्राला ओढून नेतो, हे त्या वर्षी व्यापारी सत्य ठरले. त्याची उलट बाजूही अटारीनेच दाखवली. १९८२ मध्ये तिने 'पॅकमॅन' आणि 'ई. टी.' हे खेळ घाईघाईने बाजारात आणले. ते ग्राहकांच्या मनातून उतरले, आणि इतर कंपन्यांच्या सुमार खेळांचाही बाजारात पूर आला होता. १९८३ मध्ये अमेरिकेचा व्हिडिओ गेम बाजार कोसळला. न विकल्या गेलेल्या मालाचे ढीग न्यू मेक्सिकोतील आलामोगोर्डो येथे जमिनीत पुरण्यात आले. २०१४ मध्ये उत्खनन झाले तेव्हा ती कार्ट्रिजे खरोखरच वर आली.

७/ पडलेल्या त्या बाजारात निन्टेंडोने नवा प्राण फुंकला. तिचा 'फॅमिकॉम' १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये अवघ्या तीन खेळांसह आला: डाँकी काँग, डाँकी काँग ज्युनिअर आणि पोपाय. तिन्ही पार्लरमध्ये आधीच गाजलेले. संख्या कमी, पण प्रत्येक खेळ ओळखीचा. १९८५ च्या सप्टेंबरात 'सुपर मारिओ ब्रदर्स' आला आणि निन्टेंडोला आव्हान देणे इतरांना जवळजवळ अशक्य झाले. याच यंत्राच्या नकला पुढे १९९० च्या दशकात भारतात आल्या. महाराष्ट्रातील कितीतरी घरांत यंत्राचे मूळ नाव कुणालाच ठाऊक नव्हते; 'मारिओची कॅसेट' मात्र प्रत्येकाला ठाऊक होती. यंत्र विस्मरणात जाते, खेळ लक्षात राहतो.

८/ निन्टेंडोच्या या साम्राज्याला सेगाने आव्हान दिले ते २९ ऑक्टोबर १९८८ रोजी. 'मेगा ड्राइव्ह' हा १६-बिट कन्सोल जपानमध्ये आला. फॅमिकॉमच्या तुलनेत तो कितीतरी सामर्थ्यवान. सोबत खेळ मात्र दोनच: 'स्पेस हॅरिअर २' आणि 'सुपर थंडर ब्लेड'. मुहूर्तही असा, की सहाच दिवसांपूर्वी निन्टेंडोने 'सुपर मारिओ ब्रदर्स ३' बाजारात आणला होता. जपानी मुलांनी नव्या यंत्रापेक्षा जुन्या यंत्रावरचा नवा मारिओ पसंत केला. मेगा ड्राइव्ह मायदेशी अखेरपर्यंत पहिला क्रमांक गाठू शकला नाही.

९/ १९८९ मध्ये तोच कन्सोल 'जेनेसिस' या नावाने अमेरिकेत आला. सोबत 'ऑल्टर्ड बीस्ट' हा खेळ मोफत. खेळ दिसायला भव्य. तथापि केवळ त्याच्यासाठी यंत्र घ्यावे, असा नव्हे. १९९० मध्ये, पूर्वी मॅटेल या खेळणी कंपनीत काम केलेल्या टॉम कालिन्स्के यांनी सूत्रे हाती घेतली. त्यांनी टोकियोतील वरिष्ठांपुढे योजना मांडली: किंमत उतरवा, निन्टेंडोशी जाहिरातींतून थेट टक्कर घ्या आणि सोबतचा खेळ बदलून आपला सर्वोत्तम नवा खेळ फुकट द्या. संचालकांना ही योजना रुचली नव्हती. अध्यक्ष हायाओ नाकायामा यांनी मात्र कालिन्स्के यांना मोकळीक दिली.

१०/ तो नवा खेळ म्हणजे 'सॉनिक द हेजहॉग'. जून १९९१. नाओतो ओशिमा यांनी रेखाटलेला निळा साळू, युजी नाका यांची प्रोग्रॅमिंगची करामत आणि हिरोकाझु यासुहारा यांची टप्प्यांची रचना. मारिओ सावकाश उड्या मारत जाई. सॉनिक वाऱ्यासारखा धावे. जेनेसिस निन्टेंडोच्या यंत्रापेक्षा वेगवान आहे, हे शंभर जाहिरातींनी पटले नसते ते दुकानातल्या पडद्यावर दोन मिनिटांत पटे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निन्टेंडोचा नवा 'सुपर निन्टेंडो' अमेरिकेत आला. पण त्या नाताळात सरशी जेनेसिसची झाली.

११/ म्हणजे पहिला धडा असा, की आरंभीचे खेळ दुबळे असले म्हणून सर्व काही संपत नाही. जेनेसिसला त्याचा निर्णायक खेळ अमेरिकेतील आगमनानंतर जवळजवळ दोन वर्षांनी मिळाला. ही दोन वर्षे परवडली, कारण त्या अवधीत तिथल्या बाजारात निन्टेंडोचे १६-बिट यंत्रच नव्हते. प्रतिस्पर्धी झोपेत असेल, तर उशीर खपून जातो. सेगाने या विजयातून वेगळाच निष्कर्ष काढला असावा: प्रतिस्पर्ध्याच्या आधी पोहोचणे हेच सर्वस्व. पुढच्या सगळ्या घटना या समजुतीच्या सावलीत घडल्या.

१२/ २२ नोव्हेंबर १९९४. सॅटर्न जपानमध्ये विक्रीस आला आणि त्याने उत्तम सुरुवात केली. कारण एकच: 'व्हर्चुआ फायटर'. यू सुझुकी यांच्या चमूने १९९३ मध्ये पार्लरांसाठी बनवलेल्या या त्रिमितीय द्वंद्वखेळाने जपानला वेड लावले होते. सुरुवातीच्या दिवसांत जितके सॅटर्न विकले गेले, जवळजवळ तितक्याच 'व्हर्चुआ फायटर'च्या प्रती विकल्या गेल्या. यंत्र घेणारा बहुतेक प्रत्येक जण हा एक खेळ घेण्यासाठीच आला होता. पुढेही जपानमध्ये सॅटर्नचा खप मेगा ड्राइव्हहून अधिक झाला. हाच सॅटर्न अमेरिकेत मात्र आपटला.

१३/ अमेरिकेत त्याच नोव्हेंबरात सेगाने आणखी एक यंत्र विकायला काढले होते. त्याचे नाव '३२ एक्स'. जेनेसिसला जोडून त्याची ताकद वाढवणारे हे उपकरण. ज्या मुलांनी पालकांकडे हट्ट करून ते घेतले, त्यांना सहा महिन्यांत कळले, की सेगाचे खरे भविष्य म्हणजे सॅटर्न. ३२ एक्ससाठीचे खेळ लवकरच आटले. 'आज घेतलेल्या यंत्रासाठी उद्या खेळ येतील' हा कन्सोल विकणाऱ्याचा अलिखित शब्द असतो. सेगाने तो एकदा मोडला होता. आणि तशा अवस्थेत ११ मे १९९५ उजाडला.

१४/ ही घाई का झाली? प्लेस्टेशनच्या आधी बाजार काबीज करावा, असा टोकियोचा आग्रह होता. आपला या निर्णयाला विरोध होता, असे कालिन्स्के यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले. यंत्रे पुरेशी तयार नव्हती, सुमारे ३०,००० नगच हाताशी होते. म्हणून चारच दुकान-साखळ्यांना माल देण्यात आला. वगळले गेलेले विक्रेते संतापले. के-बी टॉईज या मोठ्या खेळणी-साखळीने तर सॅटर्न ठेवायलाच नकार दिला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! लग्नघटिका चार महिने अलीकडे ओढली, पण वऱ्हाड गावाबाहेरच राहिले.

१५/ यातले सर्वात महत्त्वाचे वऱ्हाड म्हणजे बाहेरचे खेळकर्ते. सॅटर्नसाठी काम करणाऱ्या इतर कंपन्यांनी आपले वेळापत्रक २ सप्टेंबर धरून आखले होते. घोषणेच्या दिवशी त्यांचे खेळ अर्धवट होते. परिणामी सॅटर्न अमेरिकेत आला तो सहा खेळांसह, आणि सहाही सेगाने स्वतः प्रकाशित केलेले: व्हर्चुआ फायटर, डेटोना यूएसए, पँझर ड्रॅगून, क्लॉकवर्क नाइट, तसेच फुटबॉल आणि गोल्फचा प्रत्येकी एक. मित्र कंपन्यांना आरंभीच्या गर्दीचा फायदा मिळणार होता. तोही सेगाने हिरावून घेतला. त्यांचे खेळ आले ते वरातीमागून घोडे आल्यासारखे.

१६/ शिवाय जे खेळ होते, तेही पुरते मुरलेले नव्हते. 'पँझर ड्रॅगून' आजही रसिकांच्या आदरास पात्र आहे. पण 'व्हर्चुआ फायटर'च्या घरगुती आवृत्तीत आकृत्यांचे पृष्ठभाग लुकलुकत. पुढे सेगाने त्याची सुधारित आवृत्ती नोंदणीकृत ग्राहकांना मोफत दिली, ही चुकीची कबुलीच होती. 'डेटोना यूएसए' पार्लरमध्ये अतिशय देखणा. सॅटर्नवर तो अडखळत चाले आणि दूरचे रस्ते, इमारती गाडी जवळ गेल्यावर एकाएकी उगवत. प्लेस्टेशनवरील नामकोचा 'रिज रेसर' त्याच्या शेजारी ठेवला, की सामान्य माणसालाही फरक दिसे.

१७/ या फरकाचे मूळ यंत्राच्या रचनेत होते. सॅटर्नमध्ये हिताची कंपनीचे दोन मुख्य प्रोसेसर एकत्र काम करत. दोघांना सतत कामात गुंतवून ठेवणे ही अवघड कसरत होती. त्रिमितीय आकृत्या तो चौकोनांतून रचत असे, तर बाकीचे जग त्रिकोणांकडे वळले होते. प्लेस्टेशनची रचना तुलनेने सरळ होती आणि सोनीने खेळकर्त्यांना तयार साधने पुरवली. म्हणजे सॅटर्नच्या खेळकर्त्यांना अधिक वेळ हवा होता. सेगाने नेमका तोच काढून घेतला.

१८/ सोनीची तयारी याच्या अगदी उलट होती. १९९१ मध्ये निन्टेंडोने सोनीशी केलेली सीडी-यंत्राची बोलणी जाहीरपणे मोडून फिलिप्सशी हातमिळवणी केली. केन कुतारागी यांच्या आग्रहाने सोनी स्वतःच या क्षेत्रात उतरली. तिच्याकडे मारिओ नव्हता, सॉनिक नव्हता. आपल्याकडे खेळ नाहीत, हे ओळखूनच तिने इतरांचे खेळ मिळवण्यावर सारी शक्ती लावली. ब्रिटनची सिग्नोसिस कंपनी १९९३ मध्ये विकत घेतली. नामकोला जवळ केले. त्या कंपनीने तर प्लेस्टेशनच्याच रचनेवर आधारलेली पार्लर-यंत्रे बनवली, त्यामुळे 'टेक्केन' पार्लरमधून घरी आणणे सोपे झाले. शिवाय सीडी कार्ट्रिजपेक्षा स्वस्त आणि छापायला झटपट. खेळ चालला, तर लगेच आणखी प्रती. न चालला, तर नुकसान मर्यादित.

१९/ ९ सप्टेंबर १९९५ रोजी प्लेस्टेशन अमेरिकेत आले. २९९ डॉलरमध्ये सोबत पूर्ण खेळ नव्हता, केवळ नमुन्याची तबकडी होती. पण दुकानाच्या फळीवर रिज रेसर, बॅटल अरीना तोशिनदेन, रेमन असे निरनिराळ्या कंपन्यांचे, निरनिराळ्या रुचीचे खेळ मांडलेले होते. एक लाखाहून अधिक यंत्रांची मागणी आगाऊ नोंदली गेली होती. चार महिन्यांची आघाडी असलेला सॅटर्न काही दिवसांत मागे पडला. ऑक्टोबरमध्ये सेगाने किंमत २९९ डॉलरवर आणली. शंभर डॉलरचा फरक मिटला, तरी पारडे पुन्हा फिरले नाही. किंमत हेच एकमेव कारण असते, तर ते फिरायला हवे होते.

२०/ १९९५ च्या अखेरीस सॅटर्नवर 'व्हर्चुआ फायटर २', 'सेगा रॅली' आणि 'व्हर्चुआ कॉप' आले. तिन्ही उत्कृष्ट. सप्टेंबरपर्यंत धीर धरून, हे खेळ दृष्टिपथात असताना सॅटर्न आणला असता तर काय झाले असते, हा प्रश्न इतिहासप्रेमींना आजही छळतो. तोवर खेळकर्त्यांचा ओघ मात्र फिरला होता. ज्या सॉनिकने जेनेसिसला तारले, त्याचा सॅटर्नसाठीचा मोठा नवा खेळ 'सॉनिक एक्स-ट्रीम' रखडत गेला आणि अखेर रद्द झाला. जानेवारी १९९७ मध्ये 'फायनल फँटसी ७' प्लेस्टेशनवर अवतरला आणि जपानचा बालेकिल्लाही ढासळू लागला. शेवटी हिशेब असा: प्लेस्टेशन १० कोटींहून अधिक, सॅटर्न सुमारे ९२ लाख.

२१/ मग सहा खेळ कमी पडले, असे म्हणावे काय? १९९६ मधील एक उदाहरण या समजुतीला छेद देते. निन्टेंडो ६४ अमेरिकेत आला तो केवळ दोन खेळांसह: 'सुपर मारिओ ६४' आणि 'पायलटविंग्ज ६४'. तरीही तो हातोहात खपला, कारण त्रिमितीय जगात मनसोक्त बागडणारा तो मारिओ याआधी कुणी पाहिलाच नव्हता. मात्र पुढचे खेळ मंद गतीने आले. महागड्या कार्ट्रिजमुळे अनेक कंपन्या दूर राहिल्या आणि एकूण विक्री ३ कोटी २९ लाखांवर थांबली. एक अद्वितीय खेळ दार उघडून देतो. घर भरलेले ठेवण्यासाठी मात्र खेळांचा अखंड ओघ लागतो.

२२/ सेगाने धडा घेतला. ९ सप्टेंबर १९९९ रोजी 'ड्रीमकास्ट' अमेरिकेत आला तो १९९ डॉलरला आणि १८ खेळांसह. सॉनिक अॅडव्हेंचर, नामकोचा सोलकॅलिबर, एनएफएल २के, पॉवर स्टोन... सोलकॅलिबर तर पार्लरमधील मूळ खेळाहून देखणा. तारीख आधी जाहीर केलेली, दुकाने भरलेली, विक्रेते राजी. पहिल्या २४ तासांत सव्वादोन लाख यंत्रे विकली गेली. सॅटर्नच्या वेळची जवळजवळ प्रत्येक चूक दुरुस्त झाली होती. आरंभीच्या खेळांवरच सारे ठरत असते, तर ड्रीमकास्ट अजिंक्य ठरायला हवा होता.

२३/ तो ठरला नाही. दुधाने तोंड पोळलेला ग्राहक ताकही फुंकून पीत होता. ३२ एक्स आणि सॅटर्न घेऊन फसलेल्यांना ड्रीमकास्टवरही भरवसा वाटेना. खेळकर्त्यांपैकी बलाढ्य असलेल्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने एकही खेळ दिला नाही. आणि सोनीने मार्च १९९९ मध्येच प्लेस्टेशन २ ची घोषणा करून ठेवली होती. ते यंत्र मार्च २००० मध्ये जपानमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत आले. त्याचे आरंभीचे खेळ ड्रीमकास्टच्या तुलनेत फिके होते, ही तेव्हाही सर्वमान्य तक्रार होती. तरी लोक रांगा लावून उभे राहिले. ते डीव्हीडी चित्रपट दाखवी आणि जुन्या प्लेस्टेशनचे खेळही चालवी.

२४/ या दुसऱ्या गुणात सारे मर्म आहे. जुन्या खेळांची भलीमोठी रास पहिल्याच दिवशी प्लेस्टेशन २ च्या पदरी होती. आणि ज्या कंपन्यांनी ते खेळ बनवले, त्या पुढचेही बनवतील याची ग्राहकाला खात्री होती. ती खोटी ठरली नाही. २००१ मध्ये ग्रॅन टुरिस्मो ३, फायनल फँटसी १०, ग्रँड थेफ्ट ऑटो ३ आणि मेटल गिअर सॉलिड २ असे एकाहून एक खेळ आले. प्लेस्टेशन २ ची विक्री १५ कोटींच्या पार गेली. ड्रीमकास्ट ९१ लाखांच्या आसपास थांबला, म्हणजे सॅटर्नच्याही खाली.

२५/ ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने कन्सोल बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले. कंपनीचे प्रमुख इसाओ ओकावा यांनी आपली कर्जे माफ करून कोट्यवधी डॉलरचे स्वतःचे समभाग कंपनीला देऊन टाकले आणि तिला बुडण्यापासून वाचवले. १६ मार्च २००१ रोजी त्यांचे निधन झाले. सॅटर्न म्हणजे शनी. सॅटर्नच्या जन्मापासून मोजले, तर ही साडेसाती साडेसात वर्षेही पुरली नाही. सव्वासहा वर्षांतच घर रिकामे झाले.

२६/ आरंभीच्या खेळांचा प्रभाव खरा आहे. 'स्पेस इनव्हेडर्स'ने, 'सॉनिक'ने, 'व्हर्चुआ फायटर'ने तो दाखवून दिला. पण पहिल्या दिवशी फळीवर किती खेळ आहेत, एवढेच ग्राहक मोजत नाही. दोन खेळांसह आलेले यंत्र तो उचलतो आणि अठरा खेळांसह आलेले नाकारतो. त्या पहिल्या खेळांत तो पुढच्या पाच वर्षांची चाहूल घेत असतो: कोण या यंत्रासोबत उभे आहे, आणि यंत्र बनवणारा दिलेला शब्द पाळणारा आहे काय. ११ मे १९९५ रोजी सेगाने चार महिने कमावले, आणि हे दोन्ही प्रश्न कायमचे स्वतःच्या विरोधात फिरवून घेतले.

२७/ २० डिसेंबर २००१. जपानमधील दुकानांत सॉनिकचे दोन नवे खेळ आले. एक गेमबॉय अॅडव्हान्ससाठी, दुसरा गेमक्यूबसाठी. दोन्ही यंत्रे निन्टेंडोची. ज्या निळ्या साळूला मारिओला हरवण्यासाठी जन्माला घातले होते, तो आता मारिओच्या घरी राहायला आला होता. त्याचे स्वतःचे घर राहिले नव्हते. खेळ मात्र जिवंत होता, आणि आजही आहे.

(धागा समाप्त)